हळद पिवळीच राहिली

बिरू धोंडिबा गडदे या माणसावर अन्याय झाला, तो गेल्या वर्षीच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना. जागा : स्टेशन रोडवरचं गटारीचं नववं चेंबर. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सातारा संपून सांगली सुरू होते त्या पट्ट्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव धरा. नाव लिहिलं की वाचणारा ‘ते तिकडचं’ म्हणतो आणि पान उलटतो.

अन्याय हा शब्द मी जपून वापरतेय. ‘अपघात’ लिहा, असं मला आजवर तीन साहेबांनी सुचवलं. एकानं चहा पाजून सुचवलं. अपघात कुठून येईल ते सांगता येत नाही. हा कुठून आला ते आम्हाला माहीत आहे. हा पाइपातून आला, आणि पाइपाचं दुसरं टोक कोणाच्या भिंतीत आहे तेही माहीत आहे.

पण आज मला बिरूपेक्षा जास्त सांगायचं आहे ते त्याला त्या चेंबरच्या तोंडाशी ‘जा’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल. सुदाम कांबळे. नगरपालिकेच्या भुयारी गटारीचे मुकादम. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. आमच्या गावातला सगळ्यांत भित्रा माणूस. हे मी कौतुकानं लिहितेय. त्यांच्याइतकं भ्यायला मला अजून जमत नाही, आणि जमत नाही म्हणूनच हे सगळं झालं.

नानांशी माझी पहिली गाठ भांडणातून पडली. मी बाजारात पत्रकं वाटायला आले होते. विषय कचऱ्याचा होता, मथळा नेहमीसारखा आरडाओरड्याचा. स्कूटी रस्त्याच्या कडेला लावली आणि मागून आवाज आला.

“ओ बाई! गाडी काढा तितनं.”

“का? इथं लावायची नाही असं लिहिलंय का कुठं?”

“खाली मानूस हाय.”

गाडीच्या चाकाखाली गटारीचं लोखंडी झाकण होतं. मी गाडी घाईनं मागं ओढली. झाकण बंद. आजूबाजूला कोणी नाही, दोर नाही, काही नाही.

“कुठंय माणूस?”

“आत्ता न्हाई,” खाकी शर्टातला तो वाळका, पिकल्या मिशांचा माणूस शांतपणे म्हणाला, “पर कवातरी असतोय. झाकनावर गाडी लावायची सवय लागली, की मग असतोय तवाबी लावतासा.”

नानांचं सगळं शहाणपण असं होतं. घडलेलं नसायचं, पण ते घडणार आहे असं धरून ते चालायचे. चेंबर उघडण्याआधी पहारेनं झाकणावर तीनदा ठोकायचे आणि वाकून विचारायचे, “कोन हाय का आत?” मग थांबायचे. कोण असणार आत? बाहेरून बंद झाकण. पण विचारल्याशिवाय पहार फटीत घालायची नाही, हा नियम. पुढचं आणि मागचं, दोन्ही चेंबर उघडायची. मग तंबाखूचा एक बार तोंडात टाकायचा आणि तो संपेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही.

बिरू याच्यावरून त्यांची लय टर उडवायचा. बिरू आटपाडीकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पाऊस रुसला तशी मेंढरं विकली आणि दोघं भाऊ इथं ठेकेदाराच्या कामावर लागले. बिरू दोर धरायला आणि धाकटा म्हाळू, जोराच्या पाण्यानं गटार मोकळी करणाऱ्या जेटिंग मशीनच्या ट्रॅक्टरवर. बिरू म्हणायचा, “नाना, तुमी लग्नातबी अंतरपाट धरल्यावर आदी तीनदा वाजीवलं आसंल. कोन हाय का पल्याड!”

“वाजीवलं न्हाई, म्हनून तर फसलो,” नाना म्हणायचे. आणि मग लगेच गंभीर व्हायचे. “हास गड्या. पर भ्यालेला मानूस सांजच्याला घरी जातोय, येवढं ध्यानात ठेव.”

माणसं गटारीजवळून जाताना नाकाला रुमाल लावतात. नाना नाक पुढं करून वाकायचे. त्यांचं नाक हेच त्यांचं कार्यालय. पाण्याचे त्यांनी प्रकार पाडले होते : गोड पाणी बेकरीकडचं, आंबट पाणी डेअरीकडचं, तेलकट हॉटेलांचं, आणि खारं पाणी सूत रंगवणाऱ्या कारखान्याचं. “गावानं काय खाल्लं ते डाक्टरच्या आदी मला कळतंय,” म्हणायचे. एकदा भर रस्त्यात उभं राहून त्यांनी मला सांगितलं होतं की वरच्या गल्लीत बारसं आहे. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, “जायफळ घातलंय बासुंदीत.”

आणि त्या नाकानं शिकवलेलं एक वाक्य होतं. ते वाक्य मी लिहून ठेवलं होतं, पण छापलं नाही. छापायला हवं होतं ते हेच.

“वास जिता हाय तवर भ्याचं न्हाई. वास मेला की भ्याचं.”

समजावून सांगते. गटारीत एक विषारी वायू तयार होतो, नासक्या अंड्याचा वास येतो त्याला. थोडा असला की नाक फाटतं. पण जास्त झाला की तो आधी नाकालाच मारतो. वास येईनासा होतो. सामान्य माणूस म्हणतो, सुटलो, गेला वास. नानांच्या भाषेत तो वास गेलेला नसतो, मेलेला असतो. आणि मेलेल्या वासात उतरलेला माणूस दोन श्वासांत पडतो.

नानांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर गावकीची सगळी ओढायची कामं टाकली होती. मेलेली जनावरं ओढणार नाही म्हणाले, आणि ओढली नाहीत. मुलानं नगरपालिकेची कायम नोकरी म्हणून गटार धरली, तेव्हा ते मुलाशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. नाना हे एकदाच बोलले माझ्यापाशी, आणि पुढं म्हणाले, “बा बोलाय लागला तवा येवढंच म्हनला, की घान उचलतोस तर उचल, पर दुसऱ्याची म्हनून उचल. आपली म्हनून उचलू नगं. ज्याची त्याला दाखीव.”

आणि ज्याची त्याला ते दाखवायचे. स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलवाल्यानं तेल वेगळं काढायची टाकी बांधलीच नव्हती. सगळं मटणाचं तेल सरळ गटारीत. थंडीत ते गोठायचं आणि पाइप बुजायचा. नोटिसा झाल्या. एके दिवशी दुपारच्या गर्दीत नाना गल्ल्यासमोर उभे राहिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला नारळाएवढा गोळा त्यांनी काचेवर ठेवला.

“काय आहे हे?” मालक.

“तुमचंच हाय. आमच्याकडं ऱ्हायलं व्हतं. इसरला आसाल.”

कागद सुटला आणि वास पसरला. जेवणारी अर्धी माणसं ताटावरून उठली. आठ दिवसांत टाकी बांधली गेली. नोटिशीनं जे होत नाही ते वासानं होतं, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

आता नियम सांगते, कारण तो तुम्हाला कोणी सांगणार नाही. सार्वजनिक गटार ही कोणाच्याही बापाची मोरी नाही. कारखान्यानं आपलं पाणी आपल्या आवारात, आपल्या टाकीत आधी शांत करायचं. खार असेल तर खार मारायचा, आंबट असेल तर आंबट मारायचं, तेल-रंग-गाळ वेगळा काढायचा. मग सोडायचं. आणि सोडायच्या आधी भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, एक तपासणी चेंबर ठेवायचं. पालिकेच्या माणसाला गेटवर विचारल्याशिवाय उघडता येईल असं. हा नियम आमच्या नगरपालिकेच्या कागदावर आहे. कागद मी पाहिला आहे. छान टाइप केलेला आहे.

सूत रंगवणाऱ्या कारखान्यात तपासणी चेंबर होतं. भिंतीच्या आत. गेटवर नाव लिहायचं, मॅनेजर येईपर्यंत बाकावर बसायचं, मॅनेजर येतो, चहा येतो, तोवर आत काय काय होतं ते देव जाणे. मी एकदा नानांबरोबर गेले होते. मॅनेजर साहेबांनी आम्हाला पाणी शांत करायची टाकी दाखवली. निळी रंगवलेली, मोठी, वर पाटी. “सगळं पाणी यातूनच जातं,” म्हणाले.

नानांनी कठड्यावरून आत वाकून पाहिलं. तळाला एक गावठी कुत्री पडली होती आणि तिला पाच पिल्लं लुचत होती.

“ती... आत्ताच शिरली असेल,” साहेब.

“व्हय व्हय,” नाना म्हणाले. “पर पिल्लांचं डोळं उघडल्यात साहेब. म्हंजी पंधरा दिस तरी हितं पानी न्हाई.”

साहेबांचा चहा मी तसाच ठेवला. नाना मात्र प्यायले. “च्यानं काय केलंय?” म्हणाले.

पण कुत्रीची पिल्लं हा काही कागदावरचा पुरावा नाही. तेव्हा नानांनी हळद काढली.

नानांच्या घरी मंडळी, म्हणजे शेवंताकाकू, सांगलीच्या हळदीच्या गोदामात झाडलोटीला होत्या. तिथला हळदीचा भुगा घरात असायचाच. नानांच्या खाकी शर्टाचा खिसासुद्धा आतून पिवळा. जुन्या धोतराची चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवायची, वाळवायची, दोरीला दगडासकट बांधून चेंबरात सोडायची. पाण्यात खार असेल, कारखान्यातला कॉस्टिक सोडा असेल, तर चिंधी लालभडक वर येते. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तेच हे. नाना ओरडायचे, “हळदीचं कुंकू झालं!” आणि रस्त्यावरची माणसं जमायची.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! यंत्र नको, प्रयोगशाळा नको, साहेबाची सही नको. सांगलीची हळद आणि धोतराची चिंधी. मी पत्रक लिहिलं. हजार छापलं. मथळा : ‘हळद खोटं बोलत नाही.’ खाली चिंधी कशी करायची, कशी सोडायची, लाल झाली तर काय, पिवळी राहिली तर काय, सगळं चित्रासकट. ‘पिवळी राहिली तर पाणी सुरक्षित.’ हे वाक्य माझं आहे. नानांचं नाही.

पत्रक घेऊन नानांकडं गेले. ते चौथीपर्यंत शिकलेले. बोट धरून प्रत्येक ओळ वाचली. मी कौतुकाची वाट बघत उभी.

“छापलंस व्हय पोरी?”

“हजार!”

“म्हंजी आता त्येंनीबी वाचलं.”

मी हसले. वाचू देत की, मी म्हणाले, घाबरतील. नाना हसले नाहीत. पत्रकाची घडी घालून पिवळ्या खिशात ठेवली आणि उगीचच मागं वळून रस्त्याकडं पाहिलं.

त्यानंतर चिंधी लाल व्हायची थांबली. एक आठवडा पिवळी, दुसरा आठवडा पिवळी. मी विजयाचं दुसरं पत्रक काढलं. पालिकेच्या साहेबांनी कारखान्याचं अभिनंदन केलं, एका वर्तमानपत्रानं माझा फोटो छापला. फक्त नाना खूश नव्हते. एका सकाळी त्यांनी मला नवव्या चेंबराच्या तोंडाशी बसवलं आणि आतली लोखंडी पायरी दाखवली. पायरी कडेनं खाल्लेली होती, उंदरानं भाकरी खावी तशी. भिंतीचं सिमेंट त्यांनी पहारेच्या टोकानं खरवडलं तर ते ओल्या खडूसारखं निघालं.

“चार म्हयन्यामागं ही पायरी माज्या आंगठ्यायेवढी जाड व्हती.”

“जुनी असेल, नाना.”

“मी बसीवल्याली हाय.”

“पण चिंधी तर पिवळी आहे ना?”

नानांनी ते ओलं सिमेंट चिमटीत चुरलं. मग म्हणाले, “पिवळी हाय खरं. तेच तर मला कळंना झालंय. मला भ्या वाटतंय पोरी, आन कशाचं वाटतंय ते कळत न्हाई. आसलं भ्या वंगाळ.”

मी त्यांना म्हणाले, “नाना, जिंकलोय आपण. आता तरी भिऊ नका.”

हे वाक्यही माझं आहे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी स्टेशन रोडवर गटार तुंबून वर आली. दुसऱ्या दिवशी सण, त्याच रस्त्यावर बायकांचे झोके आणि खेळ. साहेबांचा फोनवर फोन. जेटिंग मशीन आलं, पण त्याच्या नळीचं पितळी तोंड नवव्या चेंबरात कशात तरी अडकलं. ना पुढं जाईना ना मागं येईना. माणूस गटारीत उतरवायचा नाही असा कायदा आहे. तोही छान टाइप केलेला आहे. साहेब फोनवर म्हणाले, कमरेएवढंच जायचं, तोंड सोडवायचं आणि वर यायचं, दहा मिनिटांचं काम. वायू मोजायचं यंत्र पालिकेच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली ज्या क्लार्ककडं, तो सणाची रजा टाकून शिराळ्याला गेला होता.

मला नानांनी त्या दिवशी पायऱ्यांचे फोटो काढायला बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होते.

नानांनी तीनदा ठोकलं. “कोन हाय का आत?” थांबले. पुढचं-मागचं झाकण काढलं. तंबाखूचा बार लावला. बिरूच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. वास येत होता, नासक्या अंड्याचा, डोळ्यांत पाणी आणणारा. “वास जिता हाय,” नाना म्हणाले. मग चिंधी सोडली. वर ओढली.

पिवळी.

“बगा, नवरीगत पिवळी हाय,” बिरू म्हणाला. “आता तरी जाऊ द्या, का आजून मुहूर्त काडायचाय?”

नानांनी माझ्याकडं पाहिलं. का पाहिलं ते मला आजवर कळलेलं नाही. कदाचित मी काही बोलेन म्हणून. मी मोबाइल सरळ धरून उभी होते.

“जा,” नाना म्हणाले. “सावकाश.”

बिरू पहिली पायरी उतरला, दुसरी उतरला. तिसरीवर पाय ठेवला तशी ती मोडली. तो हातांवर लोंबकळला आणि हसला. त्याच क्षणाला नानांचं नाक वर झालं. मला अजून ते दिसतं. वाऱ्यावर काहीतरी ऐकावं तशी त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“बिरू, वर ये. वास मेला.”

“आँ?” म्हणून बिरूनं वर पाहिलं. आणि दोरीवरचा कपडा सुटावा तसा तो खाली गेला.

दोर ताणला. तिघांनी ओढला. बिरू खाली नळीत अडकला होता. म्हाळू ट्रॅक्टरवरून उडी मारून धावत आला, “दादा!” म्हणून, थेट चेंबरात शिरायला. नाना चेंबराच्या तोंडावर पाय फाकून आडवे उभे राहिले. पहार दोन्ही हातांनी वर धरलेली.

“उतरलास तर टकुरं फोडीन.”

“सोडा नाना! माजा भाऊ हाय!”

“म्हनून सांगतोय. दुसरा उतरायचा न्हाई. दोर वड!”

म्हाळूनं त्यांना आईवरून शिव्या दिल्या. त्यांच्या मनगटाला चावला. रक्त आलं. नाना हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पहार वरच होती. ते हलले असते तर त्या दिवशी दोन भाऊ गेले असते, कदाचित तिसरे नानाही. ओढता ओढता नळी सुटली आणि बिरू वर आला. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

रस्त्यावर चिंधी पडली होती. अजून पिवळीच होती.

त्याचं कारण चार दिवसांनी कळलं. कारखान्यातल्या एका कामगारानं नानांच्या घरी येऊन सांगितलं, नाव न सांगायच्या बोलीवर. टाकी कधी चाललीच नव्हती. माझं पत्रक कारखान्यात पोचल्यावर मॅनेजरनं ते रसायनांच्या खोलीत भिंतीला चिकटवलं. चिंधी लाल होऊ नये म्हणून पालिकेची माणसं रस्त्यावर दिसली की खाऱ्या पाण्याच्या मागोमाग ऍसिडचा ड्रम सरळ गटारीत ओतायचा. त्या दिवशी जेटिंग मशीन आलेलं बघून दोन ओतले. काळ्या रंगाच्या पाण्यात आणि तळाच्या गाळात जो गंधकाचा अंश असतो त्याच्यावर ऍसिड पडलं, की तोच वायू एकदम उसळतो. पायऱ्या खाल्ल्या त्याच ऍसिडनं. आणि हळदीला ऍसिड कळत नाही. खार पडला तरच ती लाल होते. आंबटात पिवळीच राहते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे हे. मी शाळा शिकलेली आहे. नाना चौथीतून सुटलेले.

चौकशी बसली. नानांपुढं टाइप केलेला जबाब ठेवला : ‘सदर मयत कोणाच्याही आदेशाशिवाय स्वतःहून उतरला.’ खाली सहीची जागा. नानांनी बोट धरून वाचला.

“साहेब, ह्याच्यात हळद न्हाई.”

“हळदीचा काय संबंध?”

“चिंदी पिवळी आली, मी जा म्हनलो. ते लिवा. तुमचा फोन आल्ता, ते लिवा. मग डरमाचं लिवा. तिन्ही लिवा, मी सई करतो. माजंबी लिवा साहेब, मी सोडा म्हनत न्हाई.”

साहेबांनी लिहिलं नाही, नानांनी सही केली नाही. त्यांची पहार जमा करून घेतली आणि बदली टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर झाली. कोणतंही झाकण उघडायचं नाही असा लेखी हुकूम. कारखाना चालू आहे. तपासणी चेंबर अजून भिंतीच्या आत आहे.

मी नानांकडं गेले ते कितीतरी दिवसांनी. तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हणाले, “नाना, ते पत्रक माझं होतं.” शेवंताकाकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. मनगटावरचा म्हाळूच्या दातांचा वण चोळत नाना म्हणाले, “खरं व्हतं तुजं पत्रक. अर्दं. सबंद खोटं असतं तर कुनी पाय ठेवला नसता पोरी. अर्द्या खऱ्यावर मानूस पाय ठेवतोय.”

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात, सकाळी आठच्या सुमाराला. पाण्याच्या टाकीवरची पाळी संपली की ते सरळ घरी जात नाहीत हे मी ऐकलं होतं. गटारीच्या वाटेनं जातात, एकेका झाकणाजवळ थांबतात. उघडायची परवानगी नाही, म्हणून हातातल्या काठीनं तीनदा ठोकतात. “कोन हाय का आत?” थांबतात. पुढं जातात. पोरं त्यांची नक्कल करतात.

त्या दिवशी ते नवव्या चेंबराजवळ थांबले होते. इतर ठिकाणी थांबतात त्याच्यापेक्षा जास्त वेळ. समोरच्या घरातली बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. नानांनी सहज विचारलं, “मोरीत वास येतोय का वो वैनी?”

“आवं नाना, काय सांगू, लय यायचा! डोकं दुकायचं नुसतं. पर परवापासनं एकदम बंद झालाय बगा. बरं झालं बाई.”

नाना जागीच थिजले. मग तो सत्तावन्न वर्षांचा माणूस धावला. “दारं उगडा! खिडक्या उगडा! पोरांना भाईर काडा!” पुढच्या घराच्या दारावर काठी : ठक, ठक, ठक. “वास येतोय का? मोरीत वास येतोय का?” आतून कोणी म्हणे, नाही येत, काय झालं? त्याच्या पुढचं दार. ठक, ठक, ठक. “वास येतोय का?” मी मागून हाका मारत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. एकेक घर म्हणत होतं, नाही येत, आता नाही येत. आणि प्रत्येक ‘नाही’ला त्यांचा आवाज चिरकत होता. गल्लीच्या वळणावर ते दिसेनासे झाले. काठीचा आवाज मात्र येत राहिला.

कारखान्यात दोन दिवस मशिनं दुरुस्तीला काढली होती, म्हणून वास नव्हता. हे आम्हाला दुपारी कळलं. तिसऱ्या दिवशी मशिनं सुरू झाली.

आता तुम्ही. ज्या गटारीत बिरू पडला तिचं दुसरं तोंड तुमच्या मोरीत उघडतं. मधे फक्त पाइप आहे. तेव्हा हे वाचून झाल्यावर हळहळू नका, मला कळवू नका. उठा, तुमच्या गावातल्या कारखान्याच्या भिंतीला बाहेरून एक फेरी मारा. तपासणी चेंबर रस्त्याच्या बाजूला आहे का बघा. नसेल तर आज, कागदावर, स्वतःच्या सहीनं, नगरपालिकेकडं मागा : चेंबर भिंतीबाहेर काढा, टाकी भरलेली दाखवा, आणि तोवर त्या कारखान्याची गटारजोडणी तोडा. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि कोणी म्हणालं की आता काही वास येत नाही, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. भ्या.